चाकू खाली, पॉवर बँक वर: विमानतळावरील सामान-तपासणीचे नियम असे का असतात?

विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला एकाच फलकावर दोन उलट सूचना वाचायला मिळतात. कात्री, चाकू, स्क्रूड्रायव्हर आणि शाम्पूची मोठी बाटली केबिन बॅगेत, म्हणजे आपण सोबत घेऊन विमानात बसतो त्या बॅगेत, ठेवू नका. त्या चेक-इन बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटातल्या मालकक्षात जाणाऱ्या सामानात टाका, असे एक सूचना सांगते. पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आणि ई-सिगारेट चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, स्वतःजवळच ठेवा, असे दुसरी सूचना बजावते. धोक्याची वस्तू प्रवाशापासून लांब ठेवायची की त्याच्या हाताशी, हा साधा प्रश्न अशा वेळी कोणालाही पडेल. त्यात २०२५ मध्ये अनेक देशांनी आणि विमान कंपन्यांनी पॉवर बँकेचे नियम बदलले, काही विमानतळांनी द्रवपदार्थांची जुनी मर्यादा उठवली आणि काहींनी उठवलेली मर्यादा त्याआधी परत लादली होती, त्यामुळे नियमितपणे प्रवास करणारी माणसेही गोंधळून गेली आहेत.

हा गोंधळ दूर करण्यासाठी वस्तूंची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण यादी देशागणिक बदलते. त्याऐवजी त्या यादीमागे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत हे समजून घेतले, तर बहुतेक नियम आपले आपल्यालाच उलगडतात. पहिला प्रश्न असा की, वाईट हेतू असलेला माणूस या वस्तूने काय करू शकेल. दुसरा प्रश्न असा की, कोणाचाही काही हेतू नसताना ही वस्तू आपणहून काय करू शकेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तूला माणसाच्या हातापासून दूर, खाली मालकक्षात ढकलते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तीच वस्तू वर, माणसांच्या नजरेसमोर आणते. फलकावर मात्र दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि त्यांची कारणे कुठेच दिलेली नसतात.

नियम नेमके कोण करते?

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, उभी राहिली. या कराराला जोडलेल्या परिशिष्टांपैकी १७ वे परिशिष्ट घातपात आणि अपहरण रोखण्याविषयी आहे. विमान अपहरणांची लाट आल्यानंतर ते १९७४ मध्ये स्वीकारले गेले. १८ वे परिशिष्ट घातक मालाच्या वाहतुकीविषयी आहे. वर सांगितलेले दोन प्रश्न याच दोन परिशिष्टांतून आलेले आहेत. आयकाओ किमान दर्जा ठरवते, तो कसा गाठायचा हे प्रत्येक देश ठरवतो, आणि देशाला वाटल्यास तो अधिक कडक नियमही करू शकतो. अमेरिकेत हे काम टीएसए ही संस्था पाहते, भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग पाहतो, तर युरोपीय संघाचे नियम सर्व सदस्य देशांना एकत्रितपणे लागू होतात.

यात तिसरा वाटेकरी असतो विमान कंपनी. बॅगेचे वजन किती असावे आणि तिची लांबी-रुंदी किती असावी, हे बहुतेक ठिकाणी कंपनीच ठरवते, आणि त्यामागे डोक्यावरच्या कप्प्यातली जागा, विमानाचे वजन आणि कंपनीचे उत्पन्न असा हिशेब असतो. या मापांचा घातपाताशी संबंध नाही. २०१५ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने केबिन बॅगेसाठी एक सामायिक माप सुचवून पाहिले होते. विरोध झाल्यावर काही दिवसांतच तो प्रस्ताव थांबवावा लागला. त्यामुळे एका कंपनीने घेतलेली बॅग दुसरीने नाकारली, तर सुरक्षा कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तो नियम त्याचा नाही.

धारदार वस्तू: मर्यादा सेंटिमीटरमध्ये का?

११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान पात्याचे चाकू विमानात नेण्यास मुभा होती. त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांनी लहान पात्यांचा वापर करून चार विमाने ताब्यात घेतली आणि ही मुभा संपली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टीएसएची स्थापना झाली. काही काळ नखे कापण्याचे साधनसुद्धा काढून घेतले जात असे.

परंतु त्यानंतर विमानातच एक मोठा बदल झाला. नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांमध्ये वैमानिक कक्षाचा दरवाजा मजबूत, आतून बंद होणारा आणि गोळीलाही दाद न देणारा असणे आयकाओच्या नियमांनी आवश्यक केले. त्यामुळे लहान कात्री घेऊन विमानाचा ताबा मिळवणे जवळजवळ अशक्य झाले. उरला तो केबिनमधल्या माणसांना इजा होण्याचा धोका. तो खरा आहे, पण पहिल्याइतका मोठा नाही. म्हणून युरोपीय संघाने ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते नको अशी रेषा आखली, आणि कॅनडाने २०१७ मध्ये बहुतेक उड्डाणांसाठी तीच स्वीकारली. अमेरिकेत चाकू अजिबात चालत नाही, पण स्क्रूपासून टोकापर्यंत ४ इंचांपेक्षा लहान असलेली कात्री चालते.

अमेरिकेनेही ६ सेंटिमीटरपर्यंतचे लहान चाकू चालू द्यावेत असे टीएसएने मार्च २०१३ मध्ये जाहीर केले होते. केबिनमधील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला. दरवाजामागे वैमानिक सुरक्षित असले, तरी चाकू हाती असलेल्या संतप्त प्रवाशासमोर आम्हीच उभे असतो, हे त्यांचे म्हणणे होते. जूनमध्ये टीएसएने निर्णय मागे घेतला. माझ्या मते कर्मचाऱ्यांचे म्हणणे योग्यच होते. धोका किती आहे यासोबत तो कोणाच्या अंगावर येतो, याचेही उत्तर नियमात द्यावे लागते, आणि देशांनी ते वेगवेगळे दिल्यामुळे सेंटिमीटर बदलले.

द्रवपदार्थ आणि १०० मिलिलिटर

प्रवाशांना सर्वाधिक त्रास देणारा नियम हाच. द्रव स्फोटकांची भीती मात्र काल्पनिक नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये कोरियन एअरचे ८५८ क्रमांकाचे विमान बॉम्बने उडवण्यात आले आणि ११५ माणसे मृत्युमुखी पडली. रेडिओत दडवलेल्या स्फोटकाच्या जोडीला मद्याच्या बाटलीत द्रव स्फोटक होते. डिसेंबर १९९४ मध्ये फिलिपाइन एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रवाच्या बाटलीतून नेलेल्या स्फोटकाचा स्फोट होऊन एक प्रवासी ठार झाला. तरीही द्रवांवर सरसकट बंधन आले नाही. ते आले १० ऑगस्ट २००६ रोजी, जेव्हा अटलांटिक ओलांडणारी अनेक विमाने शीतपेयाच्या बाटल्यांतील स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीला आणला. सुरुवातीला जवळजवळ सर्व द्रवांवर बंदी आली. सप्टेंबरअखेर अमेरिकेने आणि नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाने ती सैल करून आजचा प्रकार ठरवला: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंत, आणि अशा सर्व बाटल्या सुमारे १ लिटरच्या, परत बंद करता येणाऱ्या एका पारदर्शक पिशवीत.

मर्यादा घालण्याचे मूळ कारण तपासणी यंत्राच्या दुबळेपणात आहे. जुने क्ष-किरण यंत्र बॅगेची एकाच कोनातून, सपाट प्रतिमा देते. पदार्थ सेंद्रिय असेल तर नारिंगी, धातू असेल तर निळा, मधला असेल तर हिरवा असे रंग ते दाखवते, पण एकावर एक ठेवलेल्या वस्तू त्या प्रतिमेत एकमेकींत मिसळून जातात. मिटलेले पुस्तक उजेडासमोर धरून सगळ्या पानांवरची अक्षरे एकाच वेळी वाचण्याचा प्रयत्न करावा, तसा हा प्रकार असतो. लॅपटॉप बाहेर काढायला लावतात तोही याचमुळे: त्याची बॅटरी आणि आतले भाग इतके दाट असतात की त्याखाली काय आहे ते दिसत नाही. आणि द्रवांच्या बाबतीत तर रंगाचाही उपयोग होत नाही, कारण पाणी आणि काही घातक रसायनांची द्रावणे या प्रतिमेत जवळजवळ सारखी दिसतात. ओळखता येत नसेल, तर निदान प्रमाण कमी ठेवू, या विचारातून १०० मिलिलिटरचा आकडा आला.

आता या नियमातले बारकावे सोपे होतात. बाटलीत किती उरले आहे याला महत्त्व नाही, बाटली किती मावणारी आहे याला आहे. २०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडेच मलम असले तरी ती नाकारली जाते, कारण रांगेत उभ्या प्रत्येकाच्या ट्यूबमधले मलम मोजणे शक्य नसते. टूथपेस्ट, जेल, मध, जॅम, फवाऱ्याचे डबे हे सर्व द्रवांतच मोडतात. पदार्थ ओतता येतो, पसरतो किंवा दाबून काढता येतो का, असे स्वतःला विचारावे. उत्तर होय असेल तर तो द्रव समजावा. पूर्ण गोठलेला बर्फ अमेरिकेच्या तपासणीत चालतो, अर्धवट वितळलेला चालत नाही, हे विचित्र वाटले तरी याच कसोटीला धरून आहे. पुढे भुकटीचाही विचार झाला. सिडनीहून निघणारे विमान उडवण्याचा कट जुलै २०१७ मध्ये उघड झाल्यानंतर, ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी जवळ असल्यास अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांनी वेगळी तपासणी सुरू केली.

औषधे आणि तान्ह्या मुलांचे दूध किंवा अन्न यांना या मर्यादेतून सूट असते, हे पुष्कळ प्रवाशांना माहीत नसते आणि त्यामुळे काही जण गरजेची औषधे चेक-इन बॅगेत टाकून देतात. तसे करू नये. बॅग हरवू शकते, तिला उशीर होऊ शकतो, आणि इन्सुलिन गोठले तर निकामी होते. औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, वेगळे काढून ठेवावे आणि यंत्रावर ठेवण्यापूर्वीच कर्मचाऱ्याला सांगावे. सूट मिळते ती प्रमाणातून. तपासणीतून मिळत नाही.

चार जणांनी मिळून बाटल्या एकत्र केल्या तर?

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, १०० मिलिलिटरचा नियम कट अशक्य करत नाही, अवघड करतो. एकाऐवजी अनेक माणसे लागतात, प्रत्येकाला तपासणीतून जावे लागते, गोळा केलेले पदार्थ केबिनमध्ये कोणाच्या लक्षात न येता एकत्र करावे लागतात, आणि अशा रसायनांना हाताळताना लागणारी परिस्थिती विमानात मिळणे कठीण असते. कटात माणूस वाढला की तो आधीच उघडकीला येण्याची शक्यताही वाढते. २००६ चा कट पोलिसांच्या पाळतीमुळे फसला होता, विमानतळावरच्या यंत्रामुळे नव्हे.

एवढे घातक असते, तर काढून घेतलेल्या बाटल्या रांगेशेजारच्याच पिंपात का टाकतात, असेही विचारले जाते. कारण कर्मचारी त्या बाटलीला स्फोटक समजत नसतो. ती तपासून खात्री करायला जितका वेळ लागेल तितका रांगेला परवडणारा नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रवाशाला संशयित ठरवल्यासारखे वाटते आणि वाईट वाटते; प्रत्यक्षात निर्णय बाटलीविषयी असतो, तिच्या मालकाविषयी नसतो. फलकावर हे एक वाक्य लिहिले तरी रांगेतले निम्मे भांडण मिटेल असे मला मनापासून वाटते.

नवी यंत्रे आली, मग नियम मागे का फिरले?

रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखेच तंत्र आता केबिन बॅगेसाठी वापरले जाते. क्ष-किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो, शेकडो कोनांतून प्रतिमा घेतल्या जातात आणि संगणक त्यांतून त्रिमितीय चित्र उभे करतो. कर्मचारी ते चित्र पडद्यावर फिरवून पाहू शकतो आणि पदार्थाची घनताही अधिक अचूक कळते, त्यामुळे लॅपटॉप आणि द्रव बॅगेतच राहिले तरी चालते. ब्रिटनने मोठ्या विमानतळांना जून २०२४ पर्यंत अशी यंत्रे बसवण्यास सांगितले होते. लंडन सिटीसारख्या काही विमानतळांनी ती २०२३ मध्येच बसवली आणि मर्यादा २ लिटरपर्यंत वाढवली.

मग जून २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने या विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा तात्पुरती परत आणली, आणि सप्टेंबरपासून युरोपीय संघानेही तेच केले. यंत्रांच्या कामगिरीत सुधारणा आवश्यक आहे एवढेच जाहीर कारण होते. अधिक तपशील सांगणे म्हणजे यंत्राची उणीव जगाला सांगणे, म्हणून ते दिले गेले नाहीत. २०२५ मध्ये सुधारित यंत्रणेला मान्यता मिळाल्यावर एडिनबरा आणि बर्मिंगहॅमसारख्या विमानतळांवर २ लिटरची मुभा परत आली. म्हणून आज एकाच देशातल्या दोन विमानतळांवर वेगळा नियम असू शकतो, आणि कधी कधी एकाच विमानतळाच्या दोन रांगांतही. जाताना मोठी बाटली चालली, म्हणून परत येतानाही चालेल असे धरून चालू नये. जुन्या पद्धतीचा फिल्म कॅमेरा वापरणाऱ्यांना आणखी एक सूचना: ही सीटी यंत्रे न धुतलेल्या फिल्मचे नुकसान करतात, त्यामुळे ती हाताने तपासण्याची विनंती करावी.

बुटांचीही कथा अशीच आहे. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात दडवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. २००६ पासून अमेरिकेत सर्वांना बूट काढणे आवश्यक झाले, आणि तो नियम जुलै २०२५ मध्ये उठला. एखादा नियम घटनेनंतर काही तासांत येतो आणि तो जायला दोन दशके लागतात. आणणाऱ्याला कोणी दोष देत नाही. काढल्यानंतर काही घडले तर काढणाऱ्यावर मात्र सारा दोष येतो. जुने नियम इतके चिवट असतात, त्याचे हे कारण नजरेआड करता येत नाही.

दुसरा प्रश्न: बॅटरी आपणहून काय करते?

आता पॉवर बँकेकडे वळू, कारण इथे सगळे चित्र उलटते. लिथियम-आयन बॅटरीत थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवलेली असते आणि तिच्या आतला द्रव ज्वलनशील असतो. बॅटरी दबली, तिच्यात निर्मितीचा दोष असला किंवा तिची दोन टोके किल्ल्यांसारख्या धातूने जोडली गेली, तर आत उष्णता वाढू लागते. ठरावीक तापमानापुढे बॅटरीतल्या रासायनिक क्रियाच आणखी उष्णता निर्माण करतात, एक सेल शेजारच्या सेलला पेटवतो, आणि बाहेरची हवा तोडूनही हे थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात.

मालकक्षात आग विझवण्यासाठी हॅलॉन वायू वापरतात. तो उघड्या ज्वाला दाबतो, पण थर्मल रनअवे थांबवू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो, वास येतो, आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. विझवण्याइतकेच थंड करणे इथे महत्त्वाचे असते, आणि ते फक्त माणूस जवळ असेल तरच होते. पॉवर बँक वर नेण्याचे सारे कारण एवढेच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान, ज्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, आग लागून कोसळले आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक आयकाओने थांबवली.

दोन प्रश्नांची थेट टक्कर झाल्याचे उदाहरण २०१७ मधले आहे. मार्चमध्ये अमेरिकेने आणि ब्रिटनने पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही ठिकाणांहून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप केबिनमध्ये आणण्यास बंदी घातली, कारण त्यात स्फोटक दडवले जाईल अशी माहिती होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते ठीक होते. पण त्यामुळे शेकडो बॅटऱ्या मालकक्षात जाऊ लागल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, बॅगेत तापलेल्या लॅपटॉपशेजारी फवाऱ्याचा डबा असेल तर होणारा स्फोट मालकक्षातली अग्निशमन व्यवस्थाच निकामी करू शकतो. विमानतळांनी तपासणी कडक केल्यावर अमेरिकेने जुलैमध्ये ती बंदी उठवली.

बॅटरीची मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात, म्हणजे तिच्यात एकूण किती ऊर्जा आहे ते. पॉवर बँकेवर बहुधा मिलीअँपिअर-अवर लिहिलेले असते. त्याला व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात. नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने १०,००० मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची, २०,००० ची ७४ ची, आणि २७,००० ची जवळपास १०० ची भरते. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी साधारणपणे परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते, आणि त्यापुढची प्रवाशाला नेता येत नाही. बॅटरीवरची अक्षरे पुसली गेली असतील तर तपासणाऱ्याला क्षमता कळत नाही आणि ती काढून घेतली जाऊ शकते.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणापूर्वी आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. आग डोक्यावरच्या कप्प्यात सुरू झाली होती, आणि पॉवर बँक हे तिचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. यातून एक नवी गोष्ट लक्षात आली: केबिनमध्ये असूनही बंद कप्प्यातली बॅटरी नजरेसमोर नसतेच. म्हणून दक्षिण कोरियाने मार्चपासून पॉवर बँक कप्प्यात न ठेवता अंगावर किंवा समोरच्या आसनाच्या खिशात ठेवण्याचा नियम केला. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात तिचा वापर थांबवला, चीनने जून २०२५ अखेर देशांतर्गत विमानांत सुरक्षा-प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँका बंद केल्या, आणि एमिरेट्सने ऑक्टोबरपासून १०० वॉट-अवरखालची एकच, तीही न वापरता, नेण्याची परवानगी ठेवली.

यात एक प्रसंग हमखास दुर्लक्षित राहतो. विमान भरलेले असले की दारावर केबिन बॅगा काढून घेऊन खाली पाठवतात. अशा वेळी बॅग देण्यापूर्वी पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आणि ई-सिगारेट आठवणीने काढून घ्याव्यात. आपली बॅग त्या क्षणी केबिन बॅग राहिलेली नसते. बॅटरी न निघणाऱ्या ‘स्मार्ट’ बॅगा कंपन्यांनी २०१८ पासून नाकारायला सुरुवात केली, त्यामागेही हाच विचार होता.

दोन्हीकडे बंदी असलेल्या वस्तू

काही वस्तू वरही चालत नाहीत आणि खालीही नाहीत: कॅम्पिंगच्या शेगडीचा गॅसचा डबा, फटाके, पेट्रोल, ७० टक्क्यांपेक्षा तीव्र मद्य. २४ ते ७० टक्के तीव्रतेचे मद्य प्रत्येकी ५ लिटरपर्यंत, तर प्रसाधनाचे फवारे मिळून २ लिटरपर्यंत आणि प्रत्येक डबा अर्ध्या लिटरपर्यंत अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. पाऱ्यावरही कडक नियम आहेत, ते का, असे वाटेल. पारा ॲल्युमिनियमला पोखरतो आणि विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम भरपूर असते. सिगारेटचा लाइटर आंतरराष्ट्रीय नियमानुसार एकच, आणि तोही अंगावरच्या खिशात, चालतो. पण चीनमध्ये तो अंगावरही चालत नाही आणि बॅगेतही नाही, आणि अमेरिकेने २००५ ते २००७ या काळात त्यावर केबिनमध्ये बंदी घातली होती. आगीच्या नियमाला तो खिशात हवा असतो, घातपाताच्या नियमाला कुठेच नको असतो, आणि कोणता प्रश्न वरचढ ठरवायचा हे देश ठरवतो.

एवढे करूनही यंत्रणा चुकत नाही का?

चुकते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये उघड झालेल्या एका अंतर्गत अहवालानुसार, अमेरिकेत वेश पालटून गेलेल्या सरकारी परीक्षकांनी ७० पैकी ६७ वेळा बंदी असलेल्या वस्तू तपासणीतून पार नेल्या होत्या, आणि त्यानंतर टीएसएच्या तत्कालीन प्रमुखांना बदलण्यात आले. तासन्‌तास पडद्याकडे पाहून दुर्मीळ गोष्ट शोधणे माणसाला जड जाते. म्हणूनच युरोपीय नियमांत एका कर्मचाऱ्याने सलग साधारण २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ प्रतिमा पाहू नयेत असे म्हटले आहे, आणि यंत्र अधूनमधून खोट्या धोक्याची प्रतिमा दाखवून त्याचे लक्ष जागेवर आहे ना, हे पाहते.

अंतिम निर्णय समोरच्या कर्मचाऱ्याचा, ही तरतूदही प्रवाशांना खटकते. तिला एक बाजू आहे: यादीत प्रत्येक वस्तू येऊ शकत नाही, आणि तपासणी पूर्णपणे आधी ओळखता येण्यासारखी झाली तर ती चुकवणेही सोपे होते. दुसरी बाजू अशी की, याच तरतुदीमुळे वृद्ध, पहिल्यांदा प्रवास करणारे आणि समोरची भाषा न येणारे प्रवासी पूर्णपणे कर्मचाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहतात. यंत्राची उणीव गुप्त ठेवणे मला पटते. परंतु पॉवर बँक वर का आणि बाटली खाली का, हे सांगण्यात कोणतेही गुपित फुटत नाही. कारण माहीत असलेला प्रवासी बॅग नीट भरून येतो, आणि विमानाच्या दारावर बॅग देताना त्याला बॅटरीची आठवण होते. यंत्रणांनी ते सांगण्याचे टाळावे हे मला अजिबात योग्य वाटत नाही.

मध्ये विमान बदलायचे असेल तर

सर्वाधिक वस्तू गमावल्या जातात त्या मधल्या विमानतळावर. पहिल्या ठिकाणी तपासणी झाली म्हणजे पुढचा मार्ग मोकळा, असा समज असतो; परंतु दोन देशांनी एकमेकांची तपासणी मान्य केलेली नसेल, तर मधल्या विमानतळावर सर्व तपासणी त्या देशाच्या नियमांनी परत होते. तपासणीनंतरच्या दुकानातून घेतलेली मोठी बाटलीही तिथे अडते, कारण त्या देशाच्या दृष्टीने ती तपासलेली नसते. यासाठी दुकानदार बाटली लाल कडेच्या, उघडल्यास खूण राहील अशा सीलबंद पिशवीत पावतीसह देतो. ती पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नये, आणि शेवटच्या विमानापूर्वी कुठे परत तपासणी आहे का, हे बाटली विकत घेण्यापूर्वीच विचारावे. अमेरिकेत परदेशातून येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना पहिल्याच विमानतळावर चेक-इन बॅग ताब्यात घेऊन पुढच्या विमानासाठी परत द्यावी लागते. सीलबंद बाटली त्या वेळी चेक-इन बॅगेत ठेवली, तर पुढच्या तपासणीत तिच्यावर १०० मिलिलिटरचा प्रश्नच येत नाही.